मृत्यूची नोंद आणि आयुष्याची आठवण : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील गावांच्या संदर्भात

प्रस्तावना :

गावातील एखादी वयोवृद्ध व्यक्ती निधन पावल्यानंतर तिच्या दोन प्रकारच्या नोंदी होत असतात. एक नोंद ग्रामपंचायतीच्या अथवा नगरपालिकेच्या दप्तरात होते आणि दुसरी गावकऱ्यांच्या बोलण्यात. पहिली नोंद कायद्याने बंधनकारक असल्याने ती टिकून राहते. दुसरी नोंद करण्याचे बंधन कोणावरही नाही. ती पहिले दहा-बारा दिवस अतिशय विस्ताराने केली जाते, वर्षश्राद्धापर्यंत अधूनमधून उजळली जाते आणि त्यानंतर फोटोला घातलेल्या हारापुरती शिल्लक राहते. या दोन नोंदींमधील अंतर किती आहे आणि ते अंतर ग्रामीण समाजाला कोठे महाग पडते, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांलगतचा ग्रामीण भाग विचारात घेतला आहे.

हा विषय केवळ भावनिक आहे असा समज होण्याची शक्यता आहे. मात्र जमिनीचा हक्क, वारसा, स्त्रियांचे नाव आणि आदिवासी कुटुंबांचे वनहक्क या सर्वांशी तो प्रत्यक्षपणे निगडित आहे.

परिसर आणि पिढी :

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात उल्हासनगर व अंबरनाथ हे दोन स्वतंत्र तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची सुमारे २ लाख ५३ हजार आणि कुळगाव-बदलापूरची सुमारे १ लाख ७४ हजार होती. हे आकडे शहरांचे असले तरी या शहरांच्या पोटात अनेक गावे आहेत. कुळगाव, मांजर्ली, बेलवली, कात्रप, खरवई, चिखलोली, मोरिवली ही नावे आज रिक्षाथांब्यांची आणि गृहसंकुलांच्या पत्त्यांची वाटतात. एका पिढीपूर्वी ती भातशेतीची गावे होती. शहराबाहेर मलंगगडाच्या पायथ्यापासून बारवी धरणाच्या जंगलापर्यंत आगरी, कुणबी, कोळी, ठाकूर, कातकरी, बौद्ध आणि मुस्लिम वस्ती पसरलेली आहे.

अलीकडच्या काळात या गावांतून जी पिढी निघून गेली व जात आहे, तिचा जन्म साधारणतः १९३० ते १९५० या दरम्यानचा आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभी राहिलेली लष्करी छावणी या पिढीने बालपणी पाहिली. फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, तेही तिने पाहिले. अंबरनाथचा आयुधनिर्माणी कारखाना व आगकाडीचा कारखाना यांचे भोंगे ऐकून शेतावर जाणारी ही माणसे होती. १९७२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण झाले आणि पुढे त्याची उंचीही वाढविण्यात आली. त्या पाण्याखाली शेतांबरोबर काही गावांच्या जुन्या खुणाही गेल्या. राब भाजणे, इरले विणणे, कणगा लिंपणे, बांधावरील झाडाच्या खुणेवरून शेताची हद्द सांगणे हे या पिढीच्या हातचे ज्ञान होते. ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण ते रोजच्या वापरात होते.

उल्हासनगरमधील सिंधी समाजाची स्थितीही वेगळी नाही. १९४७ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. शिकारपूर, लारकाना किंवा हैदराबाद येथील आपले घर प्रत्यक्ष पाहिलेली शेवटची माणसे आता जात आहेत. बाराव्या दिवशी होणाऱ्या पगडीच्या विधीत वारसाच्या डोक्यावर पगडी बांधली जाते, कर्तेपण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते. सिंधमधील घराची आठवण मात्र त्या पगडीबरोबर आपोआप पुढे जात नाही.

कागदावरील मृत्यू :

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकास देणे आवश्यक आहे. ग्रामीण भागात हे काम ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, पाहतो. उशीर झाल्यास विलंबशुल्क आकारले जाते आणि वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून, या नोंदणीचे स्वरूप संगणकीय झाले आहे.

या प्रपत्राचे दोन भाग असतात, एक कायदेशीर व दुसरा सांख्यिकीय. कायदेशीर भागात नाव, लिंग, वय, मृत्यूचा दिनांक व ठिकाण असते, तर सांख्यिकीय भागात धर्म, व्यवसाय, मृत्यूचे कारण इत्यादी बाबी येतात. मयत व्यक्ती धूम्रपान करीत होती काय, तंबाखू अथवा सुपारी खात होती काय, मद्यपान करीत होती काय आणि असल्यास किती वर्षे, असेही प्रश्न त्यात आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहेत. परंतु चाळीस वर्षे गावाचा पखवाज वाजविणाऱ्या माणसाविषयी शासनाच्या दप्तरात जी एकमेव सवय नोंदली जाते ती तंबाखूची, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर तर सांख्यिकीय भाग येतच नाही. त्यामुळे कुटुंबाच्या हाती नाव, दिनांक आणि ठिकाण एवढेच उरते.

आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. कायद्यानुसार मृत्यू ज्या ठिकाणी घडला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे नोंद होते, मयताच्या राहत्या गावात नव्हे. या परिसरातील गंभीर आजारी रुग्ण उल्हासनगर, कल्याण किंवा मुंबई येथील रुग्णालयात नेले जातात आणि त्यांतील अनेकांचा शेवट तेथेच होतो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तेथे कोणी दगावल्यास नोंद झालीच तर ती भट्टीच्या गावी होते. परिणामी एखाद्या गावाचे मृत्यू नोंदणी पुस्तक उघडले तर त्यात त्या गावातील सर्व मृत माणसे सापडतीलच असे नाही. ज्या गावात माणूस सत्तर वर्षे जगला त्या गावाच्या कागदावर तो मेलेलाच नसतो.

तलाठी दप्तरातील नोंद वेगळ्या प्रकारची आहे. तेथे मयताचा विचार खातेदार म्हणूनच होतो. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावरील मयताच्या नावाला कंस पडतो. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याच्या मृत्यूने या दप्तरातील एक अक्षरही हलत नाही.

दहा दिवसांतील मौखिक चरित्र :

कागदाच्या तुलनेत लोकव्यवहारातील नोंद अधिक समृद्ध आहे. पूर्वी मर्तिकाचा निरोप घेऊन माणूस पायी गावोगावी जात असे. सोयऱ्याच्या अंगणात उभा राहून तो केवळ मृत्यूची वार्ता देत नसे, तर आजार कधी जडला, शेवटी कोण जवळ होते, काय बोलणे झाले हेही सांगत असे. आता मोबाईलवरील संदेशात फोटो, अंत्ययात्रेची वेळ आणि स्मशानभूमीचे नाव एवढेच येते. संदेश तत्काळ पोहोचतो, तपशील मात्र गळून पडतो.

घरी जमलेल्या स्त्रियांचे हेल काढून रडणे हे या मौखिक चरित्राचे पहिले प्रकरण होय. या रडण्यात मयताला उद्देशून त्याचे गुण, त्याने सोसलेले कष्ट, दिलेली वस्तू, राहून गेलेली भेट यांचा उच्चार होतो. शिकलेल्या घरांतून आता याला गावंढळपणा समजले जाते. जात्यावरील ओव्यांविषयीही एकेकाळी असेच मत होते. गी पॉइत्वां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यानंतर त्या अभ्यासाचा विषय झाल्या. रडण्यातील कथनाचे असे संकलन या परिसरात होणे बाकी आहे आणि ते करावयाचे तर अत्यंत संकोचानेच करावे लागेल.

तिसऱ्या दिवशी राख सावडणे, रात्री भजन अथवा गरुडपुराणाचे वाचन, दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया आणि नंतर उत्तरकार्य असा सर्वसाधारण क्रम दिसतो. या सर्वांत चरित्राच्या दृष्टीने महत्त्वाचा क्षण म्हणजे काकस्पर्श. पिंडाला कावळा शिवेना की जमलेल्यांमध्ये कुजबुज सुरू होते. मयताचे काय राहून गेले असावे याचा शोध घेतला जातो. धाकट्या मुलीचे लग्न, भावाशी तुटलेले बोलणे, अर्धवट राहिलेले घर, एखाद्याचे देणे, अशा एकेका गोष्टीचे आश्वासन मोठ्याने दिले जाते. शेवटी कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून विधी पुरा होतो. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी येथे एका सामान्य माणसाच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांची उजळणी साक्षीदारांसमक्ष होते, हे मान्य करावे लागते. एरवी ज्या गोष्टी घराबाहेर बोलल्या जात नाहीत, त्या नदीकाठावर उघडपणे बोलल्या जातात. मृत्युलेखात मात्र यांतील काहीच उतरत नाही.

बौद्ध कुटुंबांत १९५६ च्या धर्मांतरानंतर पिंडदानाची प्रथा सुटली आणि जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रूढ झाला. त्यात नातेवाईक, शेजारी, कामावरील सहकारी उभे राहून मयताविषयी चार शब्द बोलतात. आयुष्य आठवण्याच्या दृष्टीने ही पद्धत विशेष उल्लेखनीय आहे, कारण येथे बोलणे हाच विधीचा भाग आहे. दशक्रियेच्या ठिकाणीही अलीकडे प्रवचन आणि श्रद्धांजलीची भाषणे होतात. तथापि बोलणारे बहुधा पुढारी असतात व त्यांतील काहींनी मयताला एकदाही पाहिलेले नसते.

कोविडच्या काळात, २०२० व २०२१ मध्ये, अंत्यसंस्कारास वीस माणसांची मर्यादा होती. त्या दोन वर्षांत गेलेल्यांना निरोपही मिळाला नाही आणि दहा दिवसांतील बोलणेही. या माणसांचे मौखिक चरित्र तयारच झाले नाही, ही या काळाची न मोजली गेलेली हानी होय.

नावापूर्वीची अक्षरे :

मराठीत मृत व्यक्तीच्या नावापूर्वी जी अक्षरे लावली जातात त्यांतून तिचा समाज, संप्रदाय आणि घरातील स्थान कळते. कै. म्हणजे कैलासवासी, वै. म्हणजे वैकुंठवासी. वारकरी माळकऱ्याच्या नावापूर्वी वै. ह.भ.प. लावले नाही तर भजनी मंडळी नाराज होतात. बौद्ध समाजात कालकथित हा शब्द प्रतिष्ठित झाला आहे. कैलास आणि वैकुंठ या दोन्ही कल्पना नाकारून केवळ काळाच्या ओघात कथा झालेला माणूस, असा अर्थ त्यातून व्यक्त होतो. मुस्लिम कुटुंबांत मरहूम म्हटले जाते.

पती निवर्तल्यावर स्त्रीच्या नावापूर्वीचे सौ. जाते आणि श्रीमती किंवा गं.भा. येते. म्हणजे पुरुषाच्या मृत्यूने स्वतःच्या नावापूर्वीची अक्षरे बदलतात तशीच जिवंत स्त्रीच्या नावापूर्वीचीही बदलतात. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी गंगा भागीरथी हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली. त्याआधी मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सुचविले होते. मृताची आठवण ठेवण्यासाठी जिवंत स्त्रीला शिक्षा कशासाठी, हा प्रश्न एका ग्रामसभेने विचारला, ही घटना या अभ्यासाच्या दृष्टीने मूलभूत आहे.

स्त्री स्वतः निधन पावते तेव्हा स्थिती आणखी बिकट होते. वर्तमानपत्रातील निधनवार्तेचा साचा सर्वांना परिचित आहे. अमुक यांच्या मातोश्री, वयाच्या अमुकव्या वर्षी, अल्पशा आजाराने, पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे. मुलाचा हुद्दा येतो, तिचे माहेरचे नाव येत नाही. मुलींची संख्या येते, नावे येत नाहीत. १९९४ च्या महाराष्ट्र दुरुस्तीने व नंतर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क मिळाला. या तालुक्यांत जमिनीला आलेले मोल पाहता उत्तरकार्य आटोपताच हक्कसोडपत्राची चर्चा सुरू होणे, हे आता नवलाचे राहिलेले नाही. निधनवार्तेत ज्या मुली नावाने येत नाहीत, त्या हक्कसोडपत्रावर मात्र पूर्ण नावानिशी सही करतात.

आगरी-कोळी समाजांत लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारिणीला विधीमध्ये पुरोहिताचे स्थान आहे. गावोगावच्या देवांना लग्नाचे आवतण तिच्या गाण्यातून जाते. ही गाणी लिखित नसतात. सून किंवा पुतणी मागे बसून गात राहिली तर ती पुढे जातात, नाही तर म्हातारीबरोबर संपतात. अशा स्त्रीचीही निधनवार्ता अमुक यांच्या मातोश्री याच साच्यात बसविली जाते. खरे तर गावाची एक पोथी गेली, असे त्या बातमीत लिहिणे अधिक वस्तुनिष्ठ ठरेल.

दगड, तांब्या आणि फलक :

मृताची आठवण वस्तूत बांधून ठेवण्याची रीत या प्रदेशात जुनी आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ.स. १०६०) च्या शिलालेखात शिलाहार राजा मांबाणी आणि त्याचा भाऊ छित्तराज यांची नावे आहेत. या मंदिराचे दगड वाहणारे, छिन्नी चालविणारे कोण होते हे कोठेही लिहिलेले नाही. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर नाविक युद्धाचे चित्रण आहे. खालच्या थरात युद्ध, त्यावर वीराचे स्वर्गारोहण, त्यावर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ही वीरगळाची सर्वसाधारण मांडणी असते. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. गावाला तो कोण हे ठाऊक होते, म्हणून नावाची आवश्यकता वाटली नसावी. पुढे ज्यांना ठाऊक होते ते गेले आणि आज त्याच दगडाला शेंदूर लावून वेगळ्याच देवाच्या नावाने पूजा केली जाते.

आजचे फलक याच्या नेमके उलट आहेत. चौकातील भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फलकावर नाव मोठे असते, मयताच्या फोटोखाली शुभेच्छुकांचे अनेक छोटे फोटो असतात आणि आयुष्याविषयी एक ओळही नसते. आठवड्याभरात तो फलक वाऱ्याने फाटतो किंवा त्यावर वाढदिवसाचा दुसरा फलक चढतो. त्या मानाने उत्तरकार्यात वाटलेला स्टीलचा तांब्या अधिक टिकाऊ ठरतो. त्यावर यंत्राने कोरलेली अक्षरे वीस-पंचवीस वर्षे वाचता येतात, आणि सोयऱ्यांच्या घरी पाणी देताना सहज विचारणा होते, हे कोण? शाळेचा पंखा, बसथांब्याचा निवारा, देवळाची फरशी, पाणपोई यांवरील स्मरणार्थ हा शब्दही असेच काम करतो. काही कुटुंबे नदीचे पाणी दूषित होऊ नये म्हणून रक्षा शेतात विसर्जित करून त्यावर आंबा किंवा जांभूळ लावतात. ही रीत स्तुत्य आहे. मात्र ज्या शेतात झाड लावले ते शेत पाच वर्षांनी विकले जाणार असेल तर झाडाचे काय, हा प्रश्न बदलापूर-अंबरनाथच्या बाबतीत अगदी व्यावहारिक आहे. शेतातील पूर्वजांच्या समाध्यांपुढेही तोच प्रश्न उभा राहतो.

सार्वजनिक स्मरण कोणाच्या वाट्याला येते? मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीस तेथे त्यांना अभिवादन केले जाते. ऐंशी वर्षांहून अधिक काळ एखाद्या मृत्यूची आठवण गावे सामूहिकपणे जपू शकतात, याचा हा जवळचा दाखला होय. परंतु दस्त्याला जंगलात भाकरी पोहोचविणारे आणि वाटा दाखविणारे हातही त्याच गावांतील होते. त्यांचे आयुष्य पुढे कसे गेले हे सांगणारी माणसे आता जवळपास उरलेली नाहीत.

आठवणीचे पुरावामूल्य :

येथे या विषयाचा सर्वांत निकडीचा भाग येतो. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ खालील नियमांमध्ये, नियम १३ अन्वये, वनहक्काच्या दाव्यासाठी कोणते पुरावे ग्राह्य धरावेत हे सांगितले आहे. शासकीय कागदपत्रांबरोबरच विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या पुरातन खुणा, जुन्या जमीन अभिलेखातील व्यक्तींपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे लेखी घेतलेले निवेदन यांचा त्यात समावेश आहे. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, तर इतर पारंपरिक वननिवासींना त्यापूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते.

याचा अर्थ असा की, आजोबा कोठे पुरले गेले, त्यांनी कोणता बांध घातला, त्यांच्या वडिलांचे नाव काय, ही घरगुती आठवण येथे कायद्याच्या दृष्टीने पुरावा ठरते. पाड्यावरील ऐंशी वर्षांची ठाकूर किंवा कातकरी वृद्धा निवर्तते तेव्हा कुटुंबाने आजी गमावलेली असतेच, शिवाय शेजारच्या चार दावेदारांनी आपला साक्षीदारही गमावलेला असतो. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे. स्थलांतरामुळे तिच्याकडे कागद कमी आणि आठवण हाच मुख्य आधार, अशी स्थिती आहे. निवेदन वृद्ध जिवंत असतानाच घ्यावे लागते, उत्तरकार्यानंतर ते घेता येत नाही.

बिगर-आदिवासी गावांतही असेच घडते. मलंगगड रस्त्यावरील नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनींवरून २२ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचे तीव्र आंदोलन झाले. १९४० च्या दशकात जमीन कशी घेतली गेली, काय कबूल केले गेले, कोण कोठे शेती करीत राहिले, हे वादाचे मूळ मुद्दे होत. प्रत्यक्ष पाहणारे त्यावेळी लहान मुले होते. त्यांतील प्रत्येकाच्या मृत्यूबरोबर वादातील एक बाजू सांगणारा आवाज कमी होतो आणि कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांची बाजू तेवढी भक्कम होते.

लीळाचरित्राची पद्धत आणि स्मरणवही :

गेलेल्या माणसाच्या आठवणी कशा गोळा कराव्यात याचा वस्तुपाठ मराठीच्या आरंभकाळातच सापडतो. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन लीळा विचारल्या आणि लिहून काढल्या. लीळाचरित्राचा काळ परंपरेने शके १२०० (इ.स. १२७८) च्या सुमाराचा मानला जातो. ज्याने पाहिले त्याच्याकडे जाणे, बोली तशीच ठेवणे आणि आठवणींत फरक पडला तर दोन्ही आठवणी राखणे, ही या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. पुढील काळात व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशी माणसं (१९४९) ने खेड्यातील साध्या माणसाला मराठी गद्यात सन्मानाचे स्थान दिले आणि आचार्य अत्र्यांनी मृत्युलेखाला वाङ्मयप्रकाराची प्रतिष्ठा मिळवून दिली. अत्र्यांचे लेख मुख्यतः नामवंतांवर होते. सामान्यांसाठी असा प्रयत्न परदेशात न्यूयॉर्क टाइम्सने केला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात मृत्यू पावलेल्यांची छोटी शब्दचित्रे या पत्राने महिनोन्महिने छापली. हुद्दा आणि परिवार यांऐवजी माणसाची एखादी सवय, एखादा छंद, घरातील एखादा प्रसंग त्यात असे.

ग्रामपंचायत पातळीवर असे काम अशक्य नाही. ग्रामसभेत दुखवट्याचा ठराव होतो आणि इतिवृत्तात नावे येतात, त्या प्रत्येक नावामागे दोन पाने जोडली तरी प्रारंभ होईल. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे व त्यात जाणकार व्यक्तींचे ज्ञान नोंदवायचे असते. त्या नोंदवहीलगत मृत जाणकारांची स्मरणवही ठेवता येईल. माहिती गोळा करण्यासाठी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे उपयोगी पडतील. ही योजना आणि जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा हे दोन्ही १९६९ चेच, परंतु त्यांची अद्याप गाठ पडलेली नाही.

विचारावयाचे प्रश्न साधे असावेत. माहेरचे नाव व गाव, कोणत्या वयात कामाला लागले, कोणकोणती कामे केली, कोणाकडून शिकले, कोणाला शिकविले, गावातील कोणती विहीर, बांध, देऊळ वा वाट त्यांच्या हातची, कोणती गाणी, औषधे, बियाणी त्यांना ठाऊक होती, कोणाशी जन्मभर भांडण होते. शेवटचा प्रश्न वगळण्याचा मोह होईल. परंतु बांधावरून झालेले भांडणच पुष्कळदा हद्दीची सर्वांत अचूक माहिती देते. उत्तरे एकट्या थोरल्या मुलाकडून घेऊ नयेत. लेकी, सुना, शेतावरील मजूर, भजनातील टाळकरी, शक्य असल्यास भाऊबंदकीतील विरोधकही विचारावेत आणि ज्याचे म्हणणे त्याच्या नावाखाली लिहावे. आत्महत्या, व्यसन, आजार यांविषयी कुटुंबाची लेखी संमती असल्याशिवाय काहीही लिहू नये. कुटुंबाने नको म्हटल्यास पान कोरे सोडून फक्त नाव व दिनांक घालावा.

काळाचेही भान आवश्यक आहे. दहा दिवसांत घर माणसांनी भरलेले असते, त्यावेळी वही काढणे अशोभनीय ठरेल. वर्षश्राद्धाला सोयरे पुन्हा जमतात तोवर दुःख निवळलेले आणि आठवण अजून ताजी असते. पितृपक्षातील जेवणानंतरची दुपारही सोयीची असते. रुग्णालयात, वीटभट्टीवर किंवा मुलाच्या शहरातील सदनिकेत निधन झालेल्यांची नावे ग्रामपंचायतीच्या नोंदणी पुस्तकात सापडणार नाहीत, म्हणून प्रारंभीची यादी दप्तरावरून न करता पाड्यापाड्यावर विचारून करावी लागेल. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक कुटुंबाकडे ठेवावी. जमिनीचा किंवा वनहक्काचा उल्लेख असलेल्या पानांवर सांगणाऱ्याची सही अथवा अंगठा, दिनांक आणि दोन साक्षीदार घेण्यास विसरू नये.